समुद्रतळावरचं कोबाल्ट नुसतं उचलून आणता येत नाही

खोल समुद्रातल्या खनिजांविषयीचा एक दावा सध्या वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. कधी व्हिडिओ, कधी लांबलचक फॉरवर्ड, कधी मोठमोठे आकडे टाकलेलं चित्र. तपशील बदलतात, गाभा तोच राहतो. समुद्राच्या तळाशी कोबाल्ट, निकेल, मँगनीज, प्लॅटिनम यांचे थर पसरले आहेत. जमिनीवर आहे त्याच्या कितीतरी पट कोबाल्ट तिथे आहे आणि ते फक्त उचलून वर आणायचं आहे. तिथे नुसता अंधार आणि थंडी, जीवसृष्टी नाहीच. काढलं तरी समुद्र ते पुन्हा तयार करतो. ते मिळालं की जमिनीवरच्या खाणी बंद करता येतील. आणि जो देश आधी पोचेल त्याचं ते होईल, म्हणून घाई करायला हवी.

यातला काही भाग खरा आहे, म्हणूनच हा दावा खोडून काढणं अवघड जातं. थर आहेत. त्यांत कोबाल्ट आहे, आणि भरपूर आहे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाच्या सफरीत समुद्रतळावरचे मँगनीजचे काळे गोटे ठिकठिकाणाहून वर आले, तेव्हापासून ही खनिजं माणसाला माहीत आहेत. समुद्राखालच्या डोंगरांवरच्या कोबाल्टयुक्त थरांचा पद्धतशीर अभ्यास १९८१ मध्ये सुरू झाला. 'झोना' या जर्मन संशोधन जहाजाने त्या वर्षी मध्य पॅसिफिकमध्ये त्यासाठी मोहीम काढली. त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी या थरांची एकही व्यापारी खाण जगात कुठे सुरू झालेली नाही. नुसतं उचलायचं असतं तर इतकी वर्षं कुणी थांबलं नसतं.

'ते फक्त उचलायचं आहे'

ही सगळ्यात मोठी गल्लत आहे, बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. समुद्रतळावर धातूंचे तीन वेगवेगळे साठे आहेत आणि फॉरवर्डमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. पहिला प्रकार मँगनीजच्या गोट्यांचा. चार ते सहा हजार मीटर खोलीवरच्या सपाट मैदानांत हे बटाट्याएवढे गोटे मऊ गाळावर सुटे पडलेले असतात. हवाई आणि मेक्सिको यांच्यामधलं क्लॅरियन-क्लिपर्टन क्षेत्र त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. दुसरा प्रकार गंधकी साठ्यांचा. समुद्रतळातून कढत पाण्याचे झरे फुटतात, तिथे तांबं, जस्त आणि काही ठिकाणी सोनं-चांदी साचते. तिसरा प्रकार म्हणजे कोबाल्टयुक्त फेरोमँगनीज कवच, म्हणजे लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा थर. हे डोंगरांच्या उघड्या खडकाला चिकटून वाढतं. व्हिडिओत दाखवतात ते बहुतेक वेळा गोटे असतात आणि शेजारी कोबाल्टचं जे प्रमाण लिहितात ते कवचाचं असतं. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की इतकं समृद्ध खनिज सुटं पडलं आहे.

कवच कसं तयार होतं हे कळलं की ते सुटं का नसतं हेही कळतं. समुद्रात काहीशे मीटर खोलीवर प्राणवायू फार कमी असलेला एक पट्टा असतो. वरून खाली पडणारे सेंद्रिय अवशेष कुजताना तिथला प्राणवायू संपत जातो. अशा पाण्यात मँगनीज विरघळलेलं टिकतं. त्याखालचं पाणी ध्रुवीय प्रदेशांकडून आलेलं, थंड आणि प्राणवायूने युक्त असतं. ही दोन पाणी मिसळली की मँगनीजची आणि लोहाची ऑक्साइडं अतिसूक्ष्म कणांच्या रूपात वेगळी होतात आणि उघड्या खडकावर बसतात. मँगनीज ऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. पाण्यातले कोबाल्ट, निकेल यांचे धन भाराचे आयन तो ओढून घेतो. कोबाल्टचं तिथे आणखी ऑक्सिडीकरण होतं आणि ते पक्कं अडकतं. म्हणजे हा धातू पृथ्वीच्या पोटातून आलेला नाही, आजूबाजूच्या साध्या समुद्रपाण्यातून तो कणाकणाने वेचला गेलेला आहे. कवच इतकं सच्छिद्र असतं की त्याच्या एका ग्रॅममध्ये सरासरी ३०० चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग सामावलेला असतो. पाण्यात जवळजवळ नसल्यासारखा असलेला धातू त्यात इतका साठतो तो याच कारणाने.

हे सगळं घडायला खडक लाखो वर्षं उघडा राहावा लागतो. गाळ साचला की कवचाची वाढ थांबते. म्हणून ते सापडतं ते प्रवाहांनी सतत झाडून काढलेल्या उतारांवर, कड्यांवर आणि डोंगरमाथ्यांच्या कडांवर. चारशे मीटरपासून सात हजार मीटर खोलीपर्यंत ते आढळतं, पण जाड आणि कोबाल्टने समृद्ध असं कवच बहुतेक ८०० ते २,५०० मीटरच्या टप्प्यात असतं. जाडी कुठे मिलिमीटरपेक्षा कमी, कुठे काही सेंटिमीटर, क्वचित २५ सेंटिमीटरच्या आसपास. खाली बेसाल्ट असतो, ज्वालामुखीच्या तुकड्यांचा खडक असतो, नाहीतर फॉस्फेटचा खडक. कवच त्याच्याशी एकजीव झालेलं असतं.

आता कल्पना करा, एखाद्या खडबडीत दगडी भिंतीवरचा जुना रंग खरवडायचा आहे, पण भिंतीचा दगड अजिबात सोबत येता कामा नये. फरक एवढाच की ही भिंत दीड-दोन किलोमीटर पाण्याखाली आहे, तिला उतार आहे, खाचा आहेत आणि रंगाची जाडी प्रत्येक हातावर बदलते. यंत्राचं पातं वरवर फिरलं तर कवच खडकावरच राहतं. खोल गेलं तर खडक कापला जातो आणि धातूचं प्रमाण उतरतं. हिशोब करून पाहू. पाच सेंटिमीटर कवचात ०.६ टक्के कोबाल्ट आहे असं धरा. त्याच्यासोबत पाच सेंटिमीटर खडक निघाला, तर प्रमाण निम्मं व्हायला हवं असं वाटतं. पण कवच सच्छिद्र म्हणून हलकं आणि खालचा खडक बहुधा जड असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ते निम्म्याच्याही खाली जातं. साठ्याची सगळी श्रीमंती त्या काही सेंटिमीटरांत आहे आणि ते काही सेंटिमीटर अचूक कापणारं, जाडी चालता चालता मोजणारं यंत्र व्यापारी प्रमाणावर अजून कुणी चालवून दाखवलेलं नाही.

जपानने जुलै २०२० मध्ये आपल्याच सागरी हद्दीत, ताकुयो क्रमांक ५ या समुद्राखालच्या डोंगरावर कवच खोदून पाहिलं. अशा प्रकारची ही जगातली पहिली चाचणी. खोली सुमारे ९०० मीटर. वर आलं ६४९ किलो. त्या भागातलं कोबाल्ट जपानची ८८ वर्षांची गरज भागवेल, असा अंदाज तेव्हा बातम्यांतून झळकला आणि अजूनही फॉरवर्डमध्ये फिरतो. ८८ वर्षांचा आकडा सर्वेक्षणावरून बांधलेला आहे. हातात आलेला आकडा ६४९ किलोंचा आहे. चाचणी यशस्वी झाली हे मान्य, अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते मोठंच पाऊल होतं. पण या दोन आकड्यांमधलं अंतर न सांगता पहिला तेवढा पुढे पाठवणं ही फसवणूक आहे.

'जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी पट'

हा आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या हिशोबात जमिनीवरची ज्ञात कोबाल्ट संपत्ती सुमारे अडीच कोटी टन आणि अटलांटिक, हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या तळावरच्या गोट्यांत आणि कवचांत मिळून १२ कोटी टनांहून जास्त आहे. पश्चिम पॅसिफिकमध्ये कवचांसाठी सर्वांत अनुकूल मानल्या गेलेल्या पट्ट्यात सुमारे साडेसात अब्ज टन कवच आणि त्यात सुमारे पाच कोटी टन कोबाल्ट असावं, असा अंदाज आहे.

चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. खाणकामात 'असणं' आणि 'काढता येणं' यांचे हिशोब वेगळे मांडतात. आजच्या तंत्राने, आजच्या भावात आणि आजच्या कायद्यात फायद्याने काढता येईल तेवढ्यालाच राखीव साठा म्हणतात. जमिनीवर असा कोबाल्टचा साठा सुमारे १.१ कोटी टन आहे. समुद्रतळावरच्या कवचांचा या व्याख्येत बसणारा साठा आज शून्य आहे. दाव्यात समुद्राचा पहिला आकडा घेतात, जमिनीचा दुसरा घेतात आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात. तुलना तिथेच बिघडते.

शिवाय तो पाच कोटी टनांचा अंदाज कशावर उभा आहे हेही पाहायला हवं. डोंगरांवरून खरवडून आणलेले नमुने, काही ठिकाणी खडकात भोक पाडून काढलेले उभे तुकडे, कॅमेऱ्याची चित्रं, आणि त्यावरून सरासरी जाडी व सरासरी प्रमाण धरून केलेला गुणाकार. शास्त्रज्ञ हे लपवत नाहीत, ते त्याला अंदाजच म्हणतात. पण एकाच डोंगरावर काही मीटरच्या अंतरात कवच दहा सेंटिमीटरवरून पातळ पापुद्र्यावर येऊ शकतं, मध्येच गाळाखाली नाहीसं होऊ शकतं.

एक हिशोब मला या सगळ्या चर्चेत फार महत्त्वाचा वाटतो, पण तो कुठल्याच व्हिडिओत नसतो. कोरड्या कवचाची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट असते. पाच सेंटिमीटर जाडी धरली तर एका चौरस मीटरवर सुमारे ६५ किलो कवच भरतं. त्यात ०.६ टक्के कोबाल्ट म्हणजे साधारण ३९० ग्रॅम. म्हणजे एक टन कोबाल्टसाठी डोंगराची सुमारे अडीच हजार चौरस मीटर त्वचा सोलावी लागेल, तीही थोडंही वाया न घालवता. जगात दरवर्षी दोन लाख टनांहून जास्त कोबाल्ट निघतं. त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी, म्हणजे वर्षाला वीस हजार टन कवचांतून मिळवायचं म्हटलं तरी दरवर्षी पन्नास चौरस किलोमीटर लागतील. वीस वर्षांत हजार. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका कंत्राटदाराला कवचांच्या शोधासाठी सुरुवातीला ३,००० चौरस किलोमीटर मिळतात आणि दहा वर्षांत त्यातले दोन तृतीयांश परत करावे लागतात. उरतात हजार. म्हणजे त्याला ठेवता येईल ते सगळं क्षेत्र, इंचन् इंच, पाच सेंटिमीटर जाडीच्या कवचाने झाकलेलं आणि यंत्र फिरू शकेल असं निघालं तरच हे गणित जमेल. समुद्राखालचा कुठलाही डोंगर असा नसतो.

'समुद्र ते पुन्हा तयार करतो'

करतो. दर दहा लाख वर्षांत साधारण एक ते पाच मिलिमीटर.

पाच सेंटिमीटर कवच वाढायला किमान एक कोटी वर्षं लागतात, आणि सर्वांत जाड कवचं कित्येक कोटी वर्षांची आहेत. पृथ्वीवर एवढ्या सावकाश घडणाऱ्या नैसर्गिक प्रक्रिया फार थोड्या आहेत. हा वेग शास्त्रज्ञांनी मोजलेला आहे. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात बेरिलियम-१० हे किरणोत्सारी द्रव्य तयार होतं, पाण्यातून ते कवचात येतं आणि दर १३.९ लाख वर्षांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. थराथरातून ते मोजलं की त्या थराचं वय कळतं. जुन्या थरांसाठी ऑस्मियम या धातूच्या समस्थानिकांचा, म्हणजे त्याच्याच वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा आधार घेतात.

या सावकाशपणाची एक बाजू दाव्यात कधीच येत नाही, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. ही कवचं म्हणजे महासागराच्या इतिहासाची नोंदवही आहेत. कोणत्या काळात पाण्यात काय होतं, प्रवाह कुठून कुठे वाहत होते, वाळवंटांतली धूळ किती येत होती, हे त्यांच्या थरांत वाचता येतं. १९९९ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांना पॅसिफिकमधल्या कवचात लोह-६० सापडलं. हे समस्थानिक पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या लक्षात येईल एवढं बनत नाही, ते मोठ्या ताऱ्यांत तयार होतं. २००४ मध्ये दुसऱ्या एका कवचात ते जास्त स्पष्टपणे, विशिष्ट थरात आढळलं. वीस ते तीस लाख वर्षांपूर्वी आपल्या सूर्यमालेच्या शेजारात एका ताऱ्याचा स्फोट झाला आणि त्याची धूळ पृथ्वीवर पडली, याचा पुरावा समुद्राच्या तळाशी मिलिमीटरभर थरात जपून राहिला होता. २०२५ मध्ये पॅसिफिकमधल्याच कवचांत सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या थरात बेरिलियम-१० चं प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेलं दिसलं. ते महासागरी प्रवाह बदलल्याने झालं की अंतराळातल्या एखाद्या घटनेने, याचा शोध चालू आहे.

संशोधनासाठी काही किलो कवच आणणं आणि डोंगरच्या डोंगर सोलणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला नको. पण जे एकदा गेलं की मनुष्यजातीच्या हयातीत परत येणार नाही, त्याला 'पुन्हा तयार होणारं' म्हणणं हे या दाव्यातलं सर्वांत मोठं असत्य आहे.

'तिथे जीवसृष्टी नाहीच'

कवच असलेले डोंगर हे खोल समुद्रातल्या जीवांनी गजबजलेल्या जागांपैकी आहेत. कारण सरळ आहे. कवचाला हवा असतो उघडा, टणक खडक आणि गाळ झाडून नेणारा प्रवाह. प्रवाळांना आणि स्पंजांनाही नेमकं तेच हवं असतं. त्यांना रुजायला टणक जागा लागते आणि अन्न प्रवाहासोबत येतं. खोल समुद्राचा बहुतेक तळ मऊ चिखलाचा आहे, तिथे त्यांना बूड टेकवता येत नाही. म्हणून जिथे कवच चांगलं, तिथे प्रवाळांची आणि स्पंजांची दाटीही असण्याची शक्यता मोठी. त्यांच्या फांद्यांत खेकडे, झिंगे, भंगुरतारे (तारामाशांसारखे जीव) आसरा घेतात, मासे वावरतात.

हे जीवही सावकाश जगतात. हवाईजवळ सुमारे ४०० मीटर खोलीवरच्या एका काळ्या प्रवाळाचं वय कार्बनच्या साहाय्याने मोजलं तेव्हा ते ४,२६५ वर्षं निघालं. डोंगरांवर जमणारा ऑरेंज रफी मासा शंभर वर्षांहून जास्त जगतो. त्याच्यासाठी तळावरून जड जाळी ओढली गेली, तेव्हा टास्मानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांवरची प्रवाळवनं मोडली, आणि मासेमारी थांबवून पाच-दहा वर्षं झाल्यावरही ती सावरल्याची चिन्हं फारशी दिसली नाहीत. पॅसिफिकच्या उत्तर भागातल्या काही डोंगरांवर तीस-चाळीस वर्षांनी प्रवाळ परतू लागल्याचं दिसलं आहे, ते दिलासा देणारं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण जाळ्याने प्रवाळ मोडतो, खडक जागेवर राहतो. कवच काढताना प्रवाळ ज्यावर उभा असतो तो पृष्ठभागच जातो.

जपानच्या त्याच २०२० च्या चाचणीचा इथे दुसऱ्यांदा उल्लेख करावा लागतो. यंत्र तिथे सुमारे दोन तास चाललं. वर्षभराने त्या जागेची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. उडालेला गाळ जिथे बसला त्या भागात मासे आणि झिंगे यांची घनता ४३ टक्क्यांनी घटली होती. आजूबाजूच्या, गाळ फारसा न पोचलेल्या भागात घट त्याहून मोठी होती, ५६ टक्के. अन्न दूषित झाल्यामुळे ते दूर गेले असावेत, असा एक तर्क आहे. जागेला चिकटलेल्या प्रवाळांत आणि स्पंजांत मात्र बदल दिसला नाही, हेही त्याच पाहणीत नोंदलेलं आहे. एकाच चाचणीवरून सगळ्या महासागरांविषयी निकाल देता येत नाही. पण 'तिथे कुणीच नाही' म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की कुणीच नव्हतं तर कमी कोण झालं?

'याशिवाय बॅटऱ्या होणार नाहीत, आणि हे मिळालं की जमिनीवरच्या खाणी बंद'

या मुद्द्यामागची कळकळ मला खरी वाटते. जगातलं जवळजवळ तीन चतुर्थांश कोबाल्ट एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं, आणि तिथल्या हाताने खोदल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलंही राबतात. ते थांबलंच पाहिजे. पण समुद्रात खाण सुरू झाल्याने ते थांबेल, ही साखळी जुळत नाही. काँगोमधलं बहुतेक कोबाल्ट तांब्यासोबत निघतं. तांब्याला मागणी आहे तोवर त्या खाणी चालणार, कोबाल्ट समुद्रातून आलं तरी. उलट पुरवठा वाढून भाव पडले, तर सर्वांत आधी झळ हाताने खोदणाऱ्या गरिबाला बसते. याची झलक दिसलेली आहे. २०२२ नंतर कोबाल्टचा भाव इतका घसरला की फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगोने निर्यातच थांबवली आणि पुढे कोटा लावला. टंचाईची हाकाटी ज्या काळात चालू होती, त्याच काळात बाजारात कोबाल्ट जास्त झालं होतं.

आणि बॅटऱ्यांचं म्हणाल, तर लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्टही नसतं आणि निकेलही नसतं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या जागतिक बाजारात २०२४ मध्ये तिचा वाटा जवळजवळ निम्म्यावर गेला होता. दहा वर्षांपूर्वीच्या बॅटऱ्यांवरून मांडलेल्या मागणीचे आलेख आजही जसेच्या तसे फिरवणं चुकीचं आहे.

टेल्युरियमची गोष्ट थोडी वेगळी आहे. हा धातूसारखा पदार्थ काही प्रकारच्या सौरपट्ट्यांत लागतो, जमिनीवर तो तांबं शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून थोडाथोडा मिळतो, आणि समुद्री कवचांत त्याचं प्रमाण जमिनीवरच्या सामान्य खडकांच्या मानाने प्रचंड असतं. कॅनरी बेटांच्या नैर्ऋत्येला ट्रॉपिक नावाच्या डोंगरावर २०१६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मोहीम काढली. त्या एकाच डोंगरावर २,६७० टन टेल्युरियम असावं, असा त्यांचा अंदाज होता. कवचांच्या बाजूने बोलायचं तर हा मुद्दा कोबाल्टपेक्षा मला जास्त वजनदार वाटतो. फॉरवर्डमध्ये मात्र तो क्वचितच असतो.

विरुद्ध बाजूचा एक दावा

समुद्रातल्या खाणींना विरोध करणाऱ्या संदेशांत हल्ली एक वाक्य हमखास असतं: ही खनिजं समुद्राचा प्राणवायू तयार करतात, ती काढली तर समुद्र गुदमरेल. तेही पुढे पाठवू नका. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला तो शोधनिबंध क्लॅरियन-क्लिपर्टनमधल्या गोट्यांविषयी होता, डोंगरांवरच्या कवचांविषयी नव्हता. त्याच्या मोजमापांवर इतर शास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. कवचं वाचवायला खात्रीची कारणं पुरेशी आहेत.

'जो आधी पोचेल त्याचं'

नाही. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रात आणि सिद्ध केलेल्या विस्तारित भूखंडमंचावर, म्हणजे देशाच्या जमिनीच्या त्यापुढे समुद्राखाली पसरलेल्या भागावर, त्या त्या देशाचा हक्क असतो. त्यापलीकडचा समुद्रतळ १९८२ च्या सागरी कायदा कराराने सगळ्या मानवजातीचा सामाईक वारसा ठरवला आहे. त्याचा कारभार पाहण्यासाठी १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण स्थापन झालं, त्याचं कार्यालय जमैकातल्या किंग्स्टनमध्ये आहे. कवचांच्या शोधाची नियमावली २०१२ मध्ये आली. जपान, चीन, रशिया आणि दक्षिण कोरिया यांच्याशी पश्चिम पॅसिफिकमधल्या क्षेत्रांसाठी करार झाले. भारताने जानेवारी २०२४ मध्ये हिंदी महासागरातल्या अफनासी निकितिन डोंगरासाठी अर्ज केला, पण त्या भागावर श्रीलंकेचाही विस्तारित भूखंडमंचाचा दावा असल्याने तो अडला. घाईने पोचून हक्क मिळत असता, तर तो असा अडून राहिला नसता.

अमेरिका या कराराची सदस्य नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी १९८० च्या देशांतर्गत कायद्याच्या आधारे आंतरराष्ट्रीय समुद्रतळावरही परवाने देण्याचा आदेश काढला, आणि 'आधी पोचेल त्याचं' या वाक्याला तिथून जोर आला. प्राधिकरणाने आणि अनेक देशांनी त्यावर आक्षेप नोंदवला आहे. दुसरीकडे तीसहून जास्त देशांनी समुद्रतळावरच्या खाणींना स्थगिती, विराम किंवा बंदी मागितली आहे. नॉर्वेने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या हद्दीतला तळ, कवचांसह, खुला करण्याचं ठरवलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस परवान्यांची पहिली फेरी पुढे ढकलली.

ज्यांच्याकडे करार आहेत त्यांनाही आज फक्त शोध घेता येतो. खाण काढायची तर वेगळी परवानगी लागते, आणि ती कोणत्या नियमांखाली, किती मोबदला घेऊन आणि डोंगराचा किती भाग राखून द्यायची, यावर किंग्स्टनमध्ये अजून वाटाघाटी चालू आहेत.